ओला पडदा

कापडाचा तुकडा हातात आला की आक्का तो आधी पाण्यात बुडवायच्या, दोन्ही हातांनी ताणून ओठांशी धरायच्या आणि गाल फुगवून फुंकायच्या. वारा पलीकडे गेला, तर तुकडा टेबल पुसायला. नाही गेला, तर आणखी एकदा, जोरात. तरीही नाही गेला, तर ओठ पदराला पुसून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हाऊ चाली, सर."

ही एक रीतसर शास्त्रीय चाचणी आहे, हे मला कळायला दीड वर्ष लागलं. मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक असल्यामुळे तेवढा वेळ लागणारच.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुठल्याही सरकारी किंवा निमसरकारी खात्यात एक माणूस असा असतो, की तो रजेवर गेला की त्या दिवशी बाकी सगळे फक्त सह्या करतात. आमच्या विभागात तो माणूस म्हणजे आक्का. हुद्दा, प्रयोगशाळा परिचर. नवरा याच जागेवर होता. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर यांना घेतलं. प्रकाशा या तीर्थक्षेत्राच्या अलीकडे तापीकाठी त्यांचं गाव. सकाळच्या एसटीने यायच्या, संध्याकाळच्या एसटीने जायच्या. कुठल्या ब्युरेटची तोटी गळते, कुठल्या बाटलीवर लिहिलंय एक आणि आत आहे दुसरंच, कुठला विद्यार्थी आकडे वहीत आधी लिहून मग प्रयोग करतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आमच्या साठानोंदवहीत मात्र सगळं बरोबर असायचं, कारण ती आम्ही प्राध्यापक लिहायचो.

बोलायच्या अहिराणी. मी साक्रीकडचा, म्हणजे ती माझ्याही घरची भाषा. पण नोकरी कायम झाल्यापासून मी ती जेमतेम कळत असल्यासारखा चेहरा करत असे. आक्कांनी त्याबद्दल मला कधी काही म्हटलं नाही. त्या त्यांच्या भाषेत विचारायच्या, मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचो, आणि दोघांचं काम व्हायचं.

तर आमच्या कॉलेजला एक प्रकल्प मिळाला. हरित हायड्रोजनचा. कसा मिळाला ते विचारू नका. प्राचार्य एका बैठकीला गेले होते, तिथे कुणीतरी विचारलं, आदिवासी जिल्ह्यातून कोण पुढे येतंय, आणि प्राचार्यांचा हात वर गेला. ते वाणिज्य शाखेचे. हात वर करायला शाखा लागत नाही. प्रकल्पाचं नाव होतं 'जलविघटन घटातील सच्छिद्र माध्यमांमधून होणाऱ्या वायुवहनाचा अभ्यास'. प्रमुख संशोधक म्हणून माझं नाव घालण्यात आलं, कारण त्या दिवशी मी रजेवर होतो आणि नको म्हणायला कुणी नव्हतं.

सामान आलं. आधी नावाची पाटी आली. मग फिरती खुर्ची, मग संगणक, मग पाहुण्यांसाठी सोफा. फक्त ज्याच्यावर सगळा अभ्यास करायचा तो पडदा आला नाही. तो परदेशातून यायचा होता आणि त्याची फाईल कुठल्यातरी टेबलावर विसावली होती.

पडदा म्हणजे काय, ते चार वाक्यांत सांगतो. पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा घालायचा, त्यात निकेलच्या दोन जाळ्या सोडायच्या आणि वीज द्यायची. एका जाळीवर हायड्रोजन येतो, दुसरीवर ऑक्सिजन. दोघांच्या मध्ये एक सच्छिद्र पडदा लागतो, जो पाण्याला आरपार येऊ-जाऊ देईल आणि वायूला अडवेल. हे दोन वायू एकमेकांत मिसळले आणि ठिणगी पडली, की मग अभ्यास करायला कोणी उरत नाही.

सहा महिने मी पत्रव्यवहार केला. सातव्या महिन्यात आक्कांनी विचारलं, "पडदा कसाले पाह्यजे, सर? आनि कशाना पाह्यजे?"

मी सांगितलं. म्हणजे फळ्यावर केशिका नळ्या काढल्या, पृष्ठताण काढला, एक लांबलचक समीकरण लिहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या एक पिशवी घेऊन आल्या. त्यांचे दीर साखर कारखान्यात होते. तिथे रस गाळायचं जाड पांढरं प्लॅस्टिकच्या धाग्याचं कापड असतं, ते झिजलं की टाकून देतात. ते कॉस्टिकने जळत नाही, हे त्यांना माहीत होतं, कारण कारखान्यात ते कॉस्टिकनेच धुतात. मला ते माहीत नव्हतं.

एका पदरातून वारा सरळ जायचा. दोन पदर केले, तीन केले. चार पदरांना फुंकर अडली. पण ते कापड पाणी प्यायचंच नाही. पाण्याचे थेंब वरच्या वर घरंगळून जायचे. आक्कांनी ते तीन दिवस रिठ्याच्या पाण्यात ठेवलं, मग कोमट पाण्याने धुतलं, मग पुन्हा साध्या पाण्यात. तेव्हा कुठे त्याच्या छिद्राछिद्रात पाणी शिरलं. छिद्रात पाणी बसलं की वायूला तिथे जागा उरत नाही. माझं समीकरण हेच सांगत होतं, पण मी ते सोडवण्यापलीकडे त्याचं काही केलं नव्हतं.

पहिला घट, म्हणजे ही सगळी मांडणी, मात्र फसला. चार पदर जागचे हलू नयेत म्हणून मी ते शिवून आणले. गावातल्या चांगल्या शिंप्याकडून, दुहेरी टीप मारून. घट चालू केला आणि ऑक्सिजनच्या बाजूला नको तितके बुडबुडे. मी विजेचं यंत्र तपासलं, तारा तपासल्या, पाणी बदललं. आक्कांनी पडदा काढला, ओठांशी धरला आणि फुंकला.

"शिवनीमातून जाई ऱ्हायना," त्या म्हणाल्या.

सुईने पाडलेली भोकं. बाकी सगळी छिद्रं नजरेला न दिसणारी, आणि मी पैसे देऊन त्यांच्या शेजारी नजरेला दिसणारी भोकं पाडून आणली होती.

"एक भोक ऱ्हायनं तरी भाकर फुगत नही, सर. बठी वाफ तठूनच जास."

वायू सगळ्यात मोठं भोक शोधतो, आणि एकदा वाट पडली की मागचा सगळा वायू त्याच वाटेने जातो. ह्या विषयावर जगभर जाड जाड प्रबंध आहेत. मी दोन वाचले होते. भाकरी तर मी रोज खात होतो. आक्कांनी शिवण काढून टाकली, सायकलच्या जुन्या ट्यूबची चौकट कापली आणि पडदा तिच्यात आवळून बसवला. त्या दिवसापासून घट नीट चालायला लागला. एका बाजूला दोन भाग हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला एक भाग ऑक्सिजन. आक्का वायू जमणाऱ्या दोन्ही नळ्यांकडे डोळे बारीक करून बघायच्या आणि मान हलवायच्या. "दोनले एक. बरोबर शे."

घटासाठी खिडकीशी एक टेबल लावलं आणि त्याच्याजवळ एक स्टूल. बावीस वर्षांच्या नोकरीत आक्कांना प्रयोगशाळेत पहिल्यांदा बसायला जागा मिळाली. एरवी परिचराने उभं राहायचं असतं, असा काही लेखी नियम नाही, पण स्टूलही नसतं. त्या सकाळी आल्या की पिशवी ठेवायच्या आधी विचारायच्या, "पडदा ओला शे ना?" नमस्कार-चमत्कार नंतर. सुटीच्या दिवसांत घटातलं कॉस्टिक काढून तो अख्खा साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायच्या. एम.एस्सी.च्या मुली त्यांच्याभोवती जमायच्या. धडगावकडच्या, मोलगीकडच्या मुली, ज्या माझ्या तासाला मान वर करायच्या नाहीत, त्या आक्कांना घडाघडा प्रश्न विचारायच्या.

एकदा त्या मला म्हणाल्या, "सर, दोन-अडीच वरीस ऱ्हायनात मन्हा. मले रिटायर व्हये लगून आठेच बसू द्या. दुसरं काही नको."

मी म्हणालो, "अहो आक्का, तुम्हाला इथून कोण उठवणार?"

एका परिषदेत मी त्या पडद्यावर निबंध वाचला. छिद्रांची चाचणी कुठल्या उपकरणाने घेतली, असं एका विद्वानांनी विचारलं. मी म्हणालो, "स्थानिक बनावटीचं आहे." त्यांनी कौतुकाने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. आक्कांना परत आल्यावर सांगितलं, तर त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मुली बघायला आल्या. निबंधात त्यांचं नाव नव्हतं. ते घालायचं असतं हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. सुचलं होतं.

मधूनमधून प्राचार्य कुणाकुणाला घट दाखवायला आणायचे. आलेल्या माणसाची एकच तक्रार असायची, बुडबुडे फार बारीक आहेत. फोटोत येत नाहीत. प्राचार्य म्हणायचे, "सर, जरा मोठे करता येतील का? उत्पादन दिसलं पाहिजे." आक्का कोपऱ्यातून म्हणायच्या, "बारीक बुडबुडा लगेच सुटस, साहेब. मोठा जाळीले चिकटी ऱ्हास. तो बसना का पानीले जागा नही." प्राचार्य माझ्याकडे बघायचे. मी भाषांतर करायचो, आणि तेच वाक्य माझ्या तोंडून आलं की त्यांना पटायचं. शेवटी मी वेगळ्या काचपात्रात दोन जाड तारा सोडून ठेवल्या. त्यातून वाटाण्याएवढे बुडबुडे निघायचे. त्याचा उपयोग शून्य होता, पण वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर तेच छापलं गेलं.

मग तज्ज्ञ समिती येणार असं पत्र आलं. दसऱ्यानंतरचा मंगळवार. प्रकल्प पुढे चालवायचा की बंद करायचा, हे ती ठरवणार होती.

आता आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. वर्कशॉपात असते तशी प्रयोगशाळेतही. आक्का दरवर्षी मनापासून करायच्या. तराजूला हळद-कुंकू, गॅसच्या बर्नरला झेंडूचं फूल, अकरा वर्षं बंद असलेल्या ओव्हनलासुद्धा. फक्त घट त्यांनी बाहेर काढला नाही. तो बादलीत, पाण्याखाली. कुंकू त्यांनी बादलीला लावलं, कडेवर फूल ठेवलं आणि कुलूप लावून चार दिवसांच्या सुटीवर गावी गेल्या.

त्या संध्याकाळी प्राचार्य पूजेचे फोटो काढायला सगळ्या विभागांतून फिरले. आमच्याकडे आले आणि बघतात तो काय, ज्या यंत्रासाठी समिती येतेय ते यंत्र बादलीत बुडवलेलं. त्यांना ते पाहवलं नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी शिपायाकडून घट बाहेर काढवला, उलटा करून पाणी काढून टाकलं, नव्या पंच्याने पुसून घेतला, लाल कापडावर ठेवला, हार घातला, आणि ओल राहून बुरशी येऊ नये म्हणून समोर उभा पंखा लावून दिला. तो पंखा खंडेनवमीपासून मंगळवार सकाळपर्यंत चालू होता. मी? मी शनिवारी एकदा डोकावलो होतो. हार घातलेला घट पाहिला. छान दिसत होता. निघून आलो.

मंगळवारी सकाळी आक्का आल्या, दारातच थांबल्या, मग पुढे होऊन पंखा बंद केला. पडद्याच्या कडेला बोट लावलं. मला वाटलं आता त्या ओरडतील. त्यांनी नुसता हार काढून बाजूला ठेवला.

"सुकी गया," त्या म्हणाल्या. "आते तीन दिन तरी हाऊ पानी लेत नही."

आमच्याकडे तीन तास होते. कॉस्टिक भरलं, वीज दिली. वरवर सगळं छान. बुडबुडे येत होते. आक्का नळ्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

"सर, दोनले एक नही व्हई ऱ्हायनं. ऑक्सिजनकडे जास्त येई ऱ्हायनं."

म्हणजे सुकलेल्या छिद्रांतून वायू पलीकडे जात होते. हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये, ऑक्सिजन हायड्रोजनमध्ये. मी प्राचार्यांकडे गेलो. ते भाषण पाठ करत होते. म्हणालो, "सर, पडदा गळतोय. आजचं प्रात्यक्षिक..."

"समितीने दोंडाईचा सोडलं," ते म्हणाले. पुढे काही बोलायची गरज नव्हती. त्यांच्या टेबलावर माझ्या बढतीची फाईल होती. तिच्यावर त्यांची शिफारस व्हायची होती. तिच्यावर त्यांनी चष्म्याचं घर ठेवलं होतं. मी ते चष्म्याचं घर पाहिलं आणि परत आलो.

आक्कांनी तोडगा सांगितला. "जस्त ना तेजाबना गॅस भरी द्या बाटलीमा. तो चोखा शे." म्हणजे घट नुसता चालू ठेवायचा आणि पेटवून दाखवायला शाळेतल्यासारखा जस्त आणि आम्लाचा हायड्रोजन भरायचा. अगदी बिनधोक. पण मी म्हणालो, "आक्का, ती फसवणूक होईल." आयुष्यात प्रामाणिकपणाची लहर मला फार वेळा आलेली नाही. नेमकी तेव्हा आली.

समिती आली. मुलींनी स्वागतगीत म्हटलं आणि त्या पुढच्याच रांगेत, टेबलाला चिकटून बसल्या. दीपप्रज्वलन झालं. परीक्षानळीत गॅस पेटवला तर मागच्या रांगेला दिसणार नाही म्हणून प्राचार्यांनी मोठी काचेची बाटली आणवली होती. ती घटातल्या वायूने भरली. आणि मग त्यांना एक कल्पना सुचली. समई लावायला जी मेणबत्ती घेतली होती, तीच प्रमुख पाहुण्यांच्या हातात देऊन ते माईकवर म्हणाले, "ज्या ज्योतीने ज्ञानाचा दीप लावला, त्याच ज्योतीने उद्याचं इंधन!" टाळ्या पडल्या.

प्रमुख पाहुणे मेणबत्ती घेऊन बाटलीकडे निघाले. सात-आठ पावलांचं अंतर. फोटोसाठी ते सावकाश चालत होते. आक्का बादलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात स्वागताचा गुच्छ होता. मी त्याच्यावरचा कागद सरळ करू लागलो.

पाहुणे बाटलीपाशी पोहोचले, हात पुढे केला, आणि आक्का दोन ढांगांत मध्ये आल्या. त्यांनी पाहुण्यांच्या हातातून मेणबत्ती काढून घेतली आणि बादलीत बुडवली. चर्र असा आवाज झाला. मग बाटली उचलून खिडकीबाहेर धरली, तोंड वर करून गॅस जाऊ दिला आणि परत आणून टेबलावर ठेवली. पहिली बोलली ती एक पाहुणी बाई. "लावलेली ज्योत विझवली," ती म्हणाली. "शुभकार्यात."

त्यानंतर जे झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. कारणे दाखवा नोटीस निघाली. अतिथींचा अवमान, कार्यक्रमात व्यत्यय, मंगलप्रसंगी अनुचित वर्तन. चौकशी समिती नेमली, त्यात विषयाचा जाणकार म्हणून मी. चौकशीचा मुद्दा एकच होता: वायू खरोखर मिसळले होते का? मिसळले असतील तर पंखा कोणी लावला हे लिहावं लागणार होतं. मिसळले नसतील तर आक्कांनी उगाच तमाशा केला.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी मी एकट्याने त्याच घटातून एक परीक्षानळी भरली होती, टॉवेलमध्ये गुंडाळून ज्योतीशी धरली होती. कानठळ्या बसल्या. नळीचा तळ फुटला, काच टॉवेलमध्ये राहिली. अख्खी बाटली असती, तर पुढच्या रांगेतल्या त्या पोरींचं काय झालं असतं, ते मी तुम्हाला सांगत बसत नाही. टॉवेल मी घरी नेला आणि फेकून दिला.

अहवालात मी लिहिलं, 'वायूंचे मिश्रण झाल्याचे निर्विवादपणे सिद्ध होत नाही.' भाषा बघा. शास्त्रात निर्विवाद काहीच नसतं, त्यामुळे वाक्य खोटंही नाही. आणखी एक मुद्दा लिहिला, तो माझाच होता आणि त्यावर प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली: 'परिचरांना धोक्याची पूर्वकल्पना होती, तर पाहुणे ज्योत घेऊन बाटलीपाशी पोहोचेपर्यंत त्या गप्प का राहिल्या? याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.'

चौकशीत हा प्रश्न मीच विचारला होता. आक्का समोर उभ्या होत्या. सकाळी माझ्याशी काय बोलणं झालं, जस्ताचा तोडगा कोणी सुचवला, काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी काय सांगू, साहेब." त्या खोलीत त्यांनी मला पहिल्यांदा साहेब म्हटलं. एरवी मी सर होतो.

त्यांची बदली मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर झाली. सेवापुस्तकात शेरा, पण नोकरी शाबूत, पगार तोच. प्राचार्य म्हणाले, "बघा, आपण माणुसकी सोडली नाही." स्टूलवर संगणकाचा प्रिंटर ठेवण्यात आला. माझी बढती झाली. प्रकल्पालाही मुदतवाढ मिळाली, कारण तज्ज्ञ समितीला जाड तारांचे बुडबुडे फार आवडले होते. परदेशी पडदा त्यानंतर चार महिन्यांनी आला. तो अजून डब्यात आहे.

वसतिगृह माझ्या घरच्या वाटेवर. मी स्कूटरवरून जायचो, तेव्हा आक्का फाटकाशी खुर्चीवर बसलेल्या असायच्या, पुढ्यात येण्या-जाण्याची वही. मला बघितलं की उठून उभ्या राहायच्या. रोज. मी हात करायचो, त्या मान लववायच्या. काही महिन्यांनी मी पलीकडच्या रस्त्याने जायला लागलो. तो लांबचा पडतो आणि तिथे खड्डे आहेत.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा ऑफिसात शाल-नारळाचा कार्यक्रम झाला. प्राचार्य निष्ठेवर बोलले. मी परीक्षेच्या कामात होतो. म्हणजे परीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

तुम्ही म्हणाल, मग आता हे सगळं कशाला सांगतोस? ऐका. एक दिवस वर्गात जलविघटन शिकवत होतो. एका पोरीने विचारलं, "सर, पडदा सुकला तर वायू मिसळतात, हे आपल्याकडे कुणी करून पाहिलंय का?" मी हो म्हणालो. ती वहीत लिहायला लागली आणि म्हणाली, "कोणी, सर?" त्या दिवशी घरी येऊन मी कॉलेजच्या ऑफिसला पत्र लिहिलं. परीक्षानळी, टॉवेल, पंखा, सगळं. फक्त चष्म्याचं घर सोडून. माझा निष्कर्ष चुकीचा होता, परिचरांनी योग्य तेच केलं, त्यांच्या सेवापुस्तकातला शेरा काढावा. महिन्याने उत्तर आलं. 'सदर कर्मचारी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाल्याने प्रकरण नस्तीबंद करण्यात आले आहे.'

दोन्ही कागद घेऊन मी आक्कांच्या गावी गेलो. त्या ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ काढत होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी म्हणालो, "बठा, आक्का." बऱ्याच वर्षांनी माझ्या तोंडून ती भाषा आली. त्या बसल्या. सुनेला चहा टाकायला सांगितला. मग हात पदराला पुसून माझं पत्र घेतलं आणि ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. मी कॉलेजमधल्या नव्या इमारतीबद्दल काहीतरी बोलत राहिलो.

वाचून झाल्यावर त्यांनी पत्राची घडी घातली, होती तशीच, आणि ते मला परत दिलं. "चांगलं ल्हेल शे, सर."

मी विचारलं. मला विचारायला नको होतं, पण विचारलं. "आक्का, त्या दिवशी तुम्ही शेवटपर्यंत का थांबलात? चौकशीत मी विचारलं होतं."

"मी तुमनाकडे देखं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं. "मले वाटनं, आते सर बोलतीन. तुमना पहिले मी कसं बोलू? म्हनीसन थांबनू."

सून चहा घेऊन आली. मी तो प्यालो. बशीतला सांडलेलासुद्धा प्यालो. आक्कांनी मिरच्यांचं सूप पुन्हा पुढे ओढलं.

या वैशाखात आक्का गेल्या. मला आठ दिवसांनी कळलं, तेही एसटीच्या कंडक्टरकडून. अहवाल कपाटात आहे, आणि त्या प्रश्नापुढे अजून लिहिलेलं आहे, समाधानकारक उत्तर मिळाले नाही. खाली सही माझी आहे.